वजनाच्या इंजेक्शनसाठी पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताय? आत काय काय होतं ते वाचून जा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. पहिल्या भेटीत इंजेक्शन मिळतंच असं नाही, आणि नाही मिळालं म्हणजे डॉक्टर बेकार असंही नाही. ही भेट म्हणजे अर्ध्याहून जास्त चौकशीच असते, तुमची, तुमच्या आईवडिलांच्या आजारांची, तुम्ही रात्री किती वाजता जेवता, घोरता का, आधी काय काय करून बघितलंय, सगळ्याची. जो या सगळ्याची उत्तरं घेऊन जातो त्याचं काम बऱ्यापैकी एका भेटीत होतं आणि जो "डॉक्टर, ते वजनाचं इंजेक्शन द्या ना" एवढंच घेऊन जातो त्याला रिपोर्ट करायला परत पाठवतात, मग तो वैतागतो आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याला मस्का मारायला लागतो. ते करू नका, त्याबद्दल खाली येतंच.

मी पुण्यात राहतो, स्वतः हे औषध घेतोय, घरातल्यांबरोबरही डॉक्टरांकडे जाऊन बसलोय, आणि ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. डोस वगैरे आकडे दिलेत ते तुम्हाला आत गेल्यावर बोलणं कळावं म्हणून, घरी बसून स्वतःचं स्वतः सुरू करायला नाही.

आधी नावं समजून घ्या

सगळे सरसकट "ओझेम्पिक" म्हणतात पण दुकानात दोन मुख्य औषधं आहेत. एक सेमाग्लुटाइड. वजनासाठी ते वेगोवी नावाने येतं (भारतात जून २०२५ पासून), डायबेटिससाठी ओझेम्पिक नावाने, आणि गोळीच्या रूपात रायबेल्सस, तीपण डायबेटिसचीच. दुसरं टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारो, ते मार्च २०२५ मध्ये आलं. दोन्हींची इंजेक्शनं आठवड्यातून एकदा, त्वचेखाली. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जी हार्मोन्स सुटतात त्यांची नक्कल ही औषधं करतात, त्यामुळे पोट हळू रिकामं होतं, मेंदूला "झालं जेवण" हा निरोप लवकर जातो आणि ते सारखं काहीतरी तोंडात टाकावंसं वाटणं कमी होतं. यांच्या आधीचं लिराग्लुटाइड आहे, ते रोज टोचावं लागतं. आणि ऑर्लिस्टॅट ही जुनी गोळी आहे, तिने जेवणातलं तेलतूप पूर्ण पचत नाही, आणि मिसळ खाल्ल्यावर काय होतं ते ज्यांनी घेतलीय त्यांना विचारा.

कुणाकडे जायचं

घरचे फॅमिली डॉक्टर चांगले असतील तर सुरुवात तिथूनच करा, तेच पुढे चिठ्ठी देतील. नाहीतर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनवाले, किंवा एमडी मेडिसिन ज्यांचं डायबेटिसचं काम आहे असे. बॅरिॲट्रिक सर्जन, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन करणारे, त्यांच्याकडेही ही औषधं देतात आणि तिथे गेलं म्हणून ते लगेच ऑपरेशन सांगतात असं नसतं, फक्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, खाली येतोच) खूप जास्त असेल तर तो पर्याय ते समोर ठेवणार आणि ठेवावाच. मुंबईत केईएमसारख्या महापालिकेच्या हॉस्पिटलात एंडोक्रायनॉलॉजीची ओपीडी आहे, तिथे केसपेपर काढून तपासणी स्वस्तात होते पण सकाळी लवकर जाऊन रांगेत बसायची तयारी ठेवा आणि हे महागडं औषध तिथे फुकट मिळेल असं धरून जाऊ नका.

कुणाकडे जायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. जिमचा ट्रेनर, पार्लर, स्लिमिंग सेंटरचं "पॅकेज", व्हॉट्सॲपवर "दुबईहून आलेला ओरिजिनल पेन" (म्हणजे औषध भरलेलं पेनासारखं इंजेक्शन) विकणारी ताई, यातलं कुणीही नाही. हे प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो बघा. वजनाच्या औषधांमध्ये बनावट माल जगभर सापडलाय, आणि जो पेन फ्रिजमध्ये होता की कुणाच्या गाडीच्या डिकीत होता हेच माहीत नाही तो पोटात टोचायचा कशाला.

घरून काय काय न्यायचं

एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सगळं टाका. जुने रिपोर्ट, अगदी दोन वर्षांपूर्वीचे असले तरी, कारण शुगर कधीपासून वाढतेय हे त्यातून दिसतं. सोनोग्राफी कधी केली असेल तर ती, कारण त्यात फॅटी लिव्हर किंवा पित्ताशयातले खडे आधीच लिहिलेले असतात आणि आपण ते वाचलेलंच नसतं. आणि चालू औषधं. औषधांची नुसती नावं सांगू नका, "ती बीपीची छोटी गुलाबी गोळी" यावरून कुणालाही काही कळत नाही, सरळ स्ट्रिप्स पिशवीत भरून न्या. त्यात आयुर्वेदिक काढे, चूर्ण, जिममधून घेतलेली फॅट बर्नरची डबी, कुणीतरी दिलेली "वजन कमी करायची थायरॉइडची गोळी" सगळं आलं. लाजायचं काही नाही, डॉक्टरांनी याहून भारी नग बघितलेले असतात.

औषधांची यादी का लागते तर काही औषधांनी वजनच वाढतं. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांची औषधं जसं ओलान्झापिन, फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, डायबेटिसमधली इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या. कधीकधी डॉक्टर त्यातलंच एखादं बदलून देतात आणि तेवढ्यानेही फरक पडतो. पण ती औषधं तुम्ही हे वाचून स्वतः बंद करू नका, कृपा करून.

अजून एक, एका कागदावर वजनाचा इतिहास लिहा. लग्नाच्या वेळी किती होतं, पहिल्या बाळंतपणानंतर किती, नाइट शिफ्ट लागली तेव्हा, गुडघा दुखायला लागला आणि चालणं बंद झालं तेव्हा. आधी काय काय केलं आणि त्यात किती उतरलं आणि किती दिवसांत परत आलं. आत गेल्यावर हे आठवत नाही, आणि डॉक्टरांकडे तुमच्यासाठी फार वेळ नसतो, बाहेर अजून पंधरा लोक बसलेले असतात.

आत गेल्यावर आधी मोजमाप

उंची, वजन, बीपी, पोटाचा घेर. चपला काढून, खिशातला मोबाइल बाजूला ठेवून. घेर टेपने मोजतात, श्वास आत ओढून पोट आत घेऊ नका, फसवून तोटा तुमचाच. भारतीय माणसासाठी घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात, कारण आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे असा प्रकार जास्त आणि पोटातली चरबीच शुगर, हार्ट, लिव्हरला नडते. काही ठिकाणी त्या मशीनवर अनवाणी उभं करतात ज्यातून चरबी किती, स्नायू किती असा कागद निघतो. त्यात शरीरातून हलकासा करंट जातो म्हणून पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा. तो कागद जपून ठेवा, सहा महिन्यांनी तुलना करायला सोन्यासारखा उपयोगी पडतो.

आता बीएमआय. इथे लोकांचा फार गोंधळ होतो. वजन किलोमध्ये, त्याला उंचीच्या वर्गाने भागायचं, उंची मीटरमध्ये. समजा उंची १६० सेंटिमीटर, वजन ७२ किलो, तर ७२ भागिले २.५६ म्हणजे साधारण २८. आपल्याकडच्या निकषांनुसार २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा, म्हणजे ही व्यक्ती लठ्ठपणात आली. पण औषधाच्या मंजुरीत जो आकडा आहे तो वेगळा, ३० किंवा त्याहून जास्त, नाहीतर २७ किंवा जास्त आणि बरोबर वजनामुळे होणारा एखादा तरी त्रास, जसं बीपी, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं. म्हणजे २८ वाल्या व्यक्तीला बीपी असेल तर औषधाचा विचार होईल, आणि बाकी काहीच नसेल तर डॉक्टर थांबतील. आणि ज्याला डिसेंबरात लग्न आहे म्हणून फक्त पाचसहा किलो उतरवायचेत त्याला चांगला डॉक्टर नाहीच म्हणणार.

मग प्रश्न, आणि इथे खरं बोलायचं

काही प्रश्न ऐकून वाटतं की याचा आणि वजनाचा काय संबंध. संबंध आहे.

घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालाय का, असं विचारतात. थायरॉइडचा एक मेड्युलरी नावाचा प्रकार आहे, तो स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला असेल, किंवा एमईएन टू नावाचा घराण्यात चालत येणारा आजार असेल तर ही इंजेक्शनं देत नाहीत. साधा हायपोथायरॉइड, म्हणजे सकाळी उपाशीपोटी जी गोळी घेतात तो, त्याने काही अडत नाही, हे बायकांनी खास लक्षात ठेवा कारण "मला थायरॉइड आहे म्हणजे मला चालणार नाही" म्हणून कितीतरी जणी घरूनच माघारी फिरतात. जाण्याआधी आईला, मावशीला, काकाला एक फोन करून विचारा की आजोबांना गळ्याचं नेमकं काय झालं होतं, कारण आपल्याकडे "गाठ होती" याच्या पुढे कुणी बोलत नाही.

स्वादुपिंडाला सूज, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस, कधी झाला होता का? पित्ताशयात खडे? वजन झपाट्याने उतरलं की खडे व्हायची शक्यता तशीही वाढते. पोट हळू रिकामं होण्याचा आजार आहे का? दारू किती? इथे "कधीतरी" म्हणू नका, आठवड्याला किती पेग ते सांगा.

डायबेटिस असेल तर डोळ्यांचा पडदा तपासलाय का विचारतील, कारण शुगर एकदम खाली आली की पडद्याचा जुना त्रास काही दिवस बिघडू शकतो. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड चालू असेल तर त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर शुगर फार खाली जाते, घाम, थरथर, चक्कर. याच एका कारणासाठी तरी डायबेटिसवाल्यांनी हे औषध परस्पर सुरू करू नये.

रात्री घोरता का, दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागते का? हा प्रश्न जोडीदाराला विचारतात कारण घोरणाऱ्याला कधीच माहीत नसतं. मन कसं आहे, डिप्रेशनचे उपचार चालू आहेत का, कधी भरमसाट खाऊन मग मुद्दाम उलटी काढता का, हेही विचारतात आणि विचारायलाच हवं.

बायकांसाठी वेगळं. पाळी नियमित आहे का, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे का, मूल हवंय का आणि कधी. गरोदरपणात ही औषधं घ्यायची नाहीत, सेमाग्लुटाइड तर दिवस राहू द्यायच्या निदान दोन महिने आधी बंद करायला सांगतात. आणि टिर्झेपटाइडवर असताना गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरायचं. शिवाय पीसीओएसमध्ये वजन उतरलं की पाळी लायनीवर येते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहतात, असं होतं. आता अडचण अशी की खोलीत सासूबाई बसलेल्या असतात, किंवा नवरा सगळी उत्तरं स्वतःच देत असतो. तेव्हा सरळ म्हणा, "डॉक्टर, दोन मिनिटं एकटीने बोलायचंय." डॉक्टरांना यात नवीन काहीच नसतं, ते स्वतःच बाकीच्यांना बाहेर बसवतात.

तपासण्या

साधारण यादी अशी, उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), टीएसएच (थायरॉइडची), लिव्हर आणि किडनीच्या टेस्ट, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), बऱ्याचदा बी१२ आणि डी३. गरज वाटली तर पोटाची सोनोग्राफी, ईसीजी. अलीकडच्या तीन महिन्यांतले रिपोर्ट असतील तर परत करायला लावत नाहीत बहुतेक. माझं मत असं की ओळखीच्या लॅबमधून हे आधीच करून गेलात तर एक हेलपाटा वाचतो, पण दहा पंधरा हजारांचं "फुल बॉडी" पॅकेज करून जाऊ नका, त्यातल्या अर्ध्या गोष्टी कुणी बघतही नाही. फोन करून रिसेप्शनला विचारा, डॉक्टर पहिल्या भेटीला काय आणायला सांगतात. बऱ्याच ठिकाणी यादी व्हॉट्सॲपवर पाठवतात.

किती उतरेल, हा सगळ्यांचा प्रश्न

सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नुसतं मिठाच्या पाण्यासारखं खोटं इंजेक्शन मिळालेल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत ७२ आठवड्यांत डोसप्रमाणे १५ ते जवळपास २१ टक्के. म्हणजे ९० किलोच्या माणसाचे पंधरा टक्क्याने साडेतेरा किलो, तेही सव्वा ते दीड वर्षात, आणि बरोबर खाण्यापिण्याचा सल्ला आणि व्यायामही चालू होता. ही सरासरी आहे, कुणाचं याहून जास्त उतरतं, कुणाचं फारच थोडं. डायबेटिस असेल तर सहसा कमी उतरतं. तेव्हा "महिन्यात दहा किलो" असं कुणी म्हणालं की उठून बाहेर या.

आणि याच्या जोडीचा प्रश्न जो लोक विचारतच नाहीत, बंद केल्यावर काय? सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या लोकांना पुढे औषध थांबवून वर्षभर बघितलं तर उतरलेल्याच्या दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. बीपीची गोळी बंद केली की बीपी वर जातं तसंच हे, त्यात तुमचा नाकर्तेपणा काही नाही. पण याचा अर्थ हे लांबचं काम आहे, आणि लांबचं काम म्हणजे लांबचा खर्च.

पैशाचं आतच विचारा

मराठी माणूस डॉक्टरांसमोर पैशाचं बोलायला संकोचतो आणि मग बाहेर येऊन मेडिकलच्या काउंटरवर घाम फुटतो. माउंजारो आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक बाटली ३,५०० रुपये आणि ५ ची ४,३७५ रुपये होती, महिन्याला अशा चार. वेगोवी आलं तेव्हा सुरुवातीचा डोस महिन्याला १७,३४५ रुपये होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने किंमत बरीच खाली आणली. सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च २०२६ पर्यंतचं, त्यानंतर इथल्या कंपन्यांना जेनेरिकचा, म्हणजे तेच औषध आपल्या नावाने बनवायचा, रस्ता मोकळा, त्यामुळे भाव हलते आहेत आणि मी इथे आजचा आकडा देण्यात अर्थ नाही. तुम्ही डॉक्टरांना असं विचारा: पहिल्या महिन्याचं किती, डोस वाढत गेला की सहाव्या महिन्यात किती, आणि जेनेरिक घेतलं तर तुम्हाला कुठल्या कंपनीचं चालेल. पहिल्या महिन्याच्या किमतीवरून हिशेब करू नका कारण डोस वाढतो तशी किंमतही वाढते.

मेडिक्लेमवर विसंबू नका, बहुतेक पॉलिसीत ओपीडीची औषधं बसत नाहीत. ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये ओपीडीचा भाग असेल तर एचआरला विचारून बघा, आणि बिल पक्कं घ्या, बॅच नंबरसकट. वर्षभर झेपणार नाही असं दिसत असेल तर तेही डॉक्टरांना सरळ सांगा, मग ते दुसरा काही मार्ग काढतील, तीन महिने घेऊन मध्येच सोडण्यापेक्षा ते बरं.

इंजेक्शन लिहून दिलं तर

सगळ्यात खालच्या डोसने सुरू होतं. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, चार आठवडे, मग ०.५, १, १.७, २.४ असं चढत. टिर्झेपटाइड २.५ ने चार आठवडे, मग ५, आणि गरज असेल तर पुढे १५ पर्यंत. सुरुवातीचा डोस वजन उतरवायचा नसतोच, तो पोटाला सवय लावायचा असतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून "डॉक्टर, डबल करू का" असले मेसेज करू नका. आणि ज्याला जमतंय आणि उतरतंय त्याने शेवटच्या डोसपर्यंत गेलंच पाहिजे असंही नाही.

टोचायचं कसं ते क्लिनिकमध्येच दाखवून घ्या आणि जमलं तर पहिलं इंजेक्शन नर्ससमोर स्वतःच्या हाताने घ्या. जागा पोट, पण बेंबीपासून चार बोटं लांब, किंवा मांडी, किंवा दुसरं कुणी देणार असेल तर दंडाची मागची बाजू. दर आठवड्याला जागा थोडी बदलायची. सुई बारीक असते, काही मिलिमीटरची, मुंगी चावल्याइतकंही कित्येकांना कळत नाही. पेन असेल तर दर वेळी नवी सुई. बाटली आणि सिरिंज असेल तर जरा जास्त लक्ष द्या, सिरिंजवर युनिट लिहिलेले असतात आणि चिठ्ठीवर मिलिग्रॅम, ते दोन एकच समजून भलताच डोस जाऊ शकतो, तेव्हा सिरिंजच्या कुठल्या रेघेपर्यंत भरायचं ते नर्सकडून मार्करने खूण करून घ्या. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवा, कचरा वेचणाऱ्या मावशींच्या हाताला लागतील अशा उघड्या टाकू नका, क्लिनिकमध्ये परत घेतात का विचारा.

ठेवायचं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला, मधल्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही. बाहेर किती दिवस चालतं ते प्रत्येकाचं वेगळं आहे आणि खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. विदर्भ मराठवाड्याकडे मे महिन्यात घरातच चाळीस डिग्री आणि वरून लाइट जाते, त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारायचा. घरी नेतानाही बर्फाची पिशवी असलेला छोटा डबा न्या पण बर्फ थेट पेनला चिकटवू नका.

वार ठरवा. बरेच जण शुक्रवार रात्र धरतात, म्हणजे मळमळ झालीच तर शनिवार रविवार घरी. डोस चुकला तर टिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत घेता येतं, वजनाच्या सेमाग्लुटाइडला पुढचा डोस दोन दिवसांहून लांब असेल तर घ्यायचं, नाहीतर तो सोडून पुढच्या वारी. दोन डोस एकदम कधीच नाही.

खाण्याचं

चांगल्या ठिकाणी त्याच दिवशी आहारतज्ज्ञांकडेही बसवतात. ओट्स आणि ॲव्होकॅडोचा कागद हातात दिला तर गोडीत सांगा की आमच्याकडे सकाळी पोहे आणि रात्री भाकरी असते, त्यातच बसवून द्या. मुख्य मुद्दा प्रोटीनचा. भूक मेली की माणूस दोन घास वरणभात खाऊन उठतो, मग चरबीबरोबर स्नायूही उतरतात, हातपाय गळाल्यासारखे होतात. म्हणून ताटात आधी उसळ, अंडी, मासे, चिकन, पनीर, घट्ट वरण, दही, आणि भात पोळी मागून. ताटातला क्रम बदलला तरी बरंच काम होतं. बरोबर थोडा वजनांचा व्यायाम, निदान खुर्चीवरून उठबस.

मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठ, कधी जुलाब, हे सुरुवातीला आणि डोस वाढल्यावर बऱ्याच जणांना होतं आणि मग बसतं. थोडं थोडं खा, सावकाश खा, पोट भरल्यासारखं वाटलं की आईने कितीही आग्रह केला तरी थांबा. तळलेलं इंजेक्शननंतरच्या एक दोन दिवसांत नको. पाणी विसरतं माणूस, कारण तहानही कमी लागल्यासारखी वाटते.

उपवासाचं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, कुठले उपवास, निर्जळी का कसे. संकष्टीला दिवसभर उपाशी राहून रात्री चंद्रोदयानंतर एकदम पुरणपोळीवर ताव मारला तर या औषधावर उलटी ठरलेली. आणि साबुदाण्याची खिचडी तेल दाण्यांमुळे पोटात दगडासारखी बसते, त्यापेक्षा ताक, राजगिऱ्याची भाकरी, दही असं काहीतरी बघा. डायबेटिसच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असताना कडक उपवास हा तर वेगळाच धोका आहे.

उठायच्या आधी एवढं विचारून घ्याच

रात्री अपरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, हा नंबर चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. कशासाठी लगेच करायचा तर पोटात वरच्या बाजूला जोरात कळ, पाठीपर्यंत जाणारी, न थांबणारी. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे. पाणीही टिकत नाही इतक्या उलट्या. एकदम कमी दिसायला लागणं. यात "ॲसिडिटी असेल" म्हणून इनो पिऊन झोपायचं नाही. आणि पुढे कधी ऑपरेशन, एंडोस्कोपी, अगदी छोटी भूल द्यायची असली तरी भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आधी सांगायचं, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या वजन उतरलं की कमी कराव्या लागू शकतात, तेव्हा परत कधी तपासायचं तेही विचारा. साधारण महिन्याभराने पहिली फेरी असते, डोस वाढवायचा का ते तेव्हा ठरतं. ज्या ठिकाणी पुढची तारीखच देत नाहीत, प्रश्न न विचारता पाच मिनिटांत पेन स्वतःच्याच ड्रॉवरमधून काढून देतात आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतात, तिथे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय टोचून घेऊ नका.

आणि नाही म्हणाले, किंवा "आधी तीन महिने हे करून बघू" म्हणाले, तर कारण विचारा आणि लिहून घ्या. कधी ते कारण खडे असतात, कधी बाळाचा विचार, कधी आधी झोपेची तपासणी करायची असते. कारण हातात असलं की दुसरीकडे गेलात तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

पुढची अपॉइंटमेंट मात्र निघताना काउंटरवरच घ्या, नंतर फोनवर घेऊ म्हटलं की शनिवार संध्याकाळच्या वेळा गेलेल्या असतात.